सहा दिवस ऐकत बसलो

१९९९ च्या उन्हाळ्यात युद्ध सुरू झालं तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि डोंगराच्या आडोशाला एका पत्र्याच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलो होतो. गावाकडे मला अजूनही विचारतात, किती उडवले? एकही नाही, असं खरं सांगितलं की विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. माझ्या हातात बंदुकीपेक्षा पेन्सिल जास्त वेळ असायची आणि तिला टोक करता करताच माझं युद्ध संपलं.

मी सिग्नल्समध्ये होतो. पलीकडचे लोक वायरलेसवर काय बोलतात ते ऐकायचं आणि कागदावर उतरवायचं, हे आमचं काम. ते सरळ थोडेच बोलणार? आकडे आणि सांकेतिक शब्द असायचे, आणि त्यांचा अर्थ लावणारे साहेब वेगळे होते. पण सांकेतिक शब्द बोलणाराही माणूसच असतो. तो खोकतो, घसा खाकरतो, मध्येच विसरतो. एकजण बोलण्याआधी माइकमध्ये दोनदा फुंकर मारायचा. तीन आठवडे मी त्याला रोज ऐकलं. त्याला सर्दी झाली ते मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळलं असेल. मग एके सकाळी त्याच्या जागी दुसराच आवाज आला आणि मला दिवसभर काही सुचेना. शत्रूच्या काळजीने आपल्याला जेवण जात नाही, हे मी कोणाला सांगणार होतो? सांगायची परवानगीही नव्हती.

आपण ऐकतोय हे त्यांना कळता कामा नये, हा आमचा पहिला धडा होता. पुढच्या वर्षांत हेडफोन गेले, कॉम्प्युटरचे पडदे आले, मी दुसऱ्या एका तुकडीत गेलो, तरी धडा तोच राहिला. त्या तुकडीत काय केलं ते लिहिणार नाही, कारण लिहिणार नाही अशी सही करून आलोय. एवढंच सांगतो की चोर आपल्या घरात शिरला तर त्याला हाकलायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं होतं. तो कोणत्या वेळेला येतो, कोणतं कपाट उघडतो, जेवायला कधी जातो, ते बघत राहायचं. घरात कोणी नाही असं त्याला वाटलं पाहिजे. कधी त्याच्यासाठी मुद्दाम एक खोटं कपाट उघडं ठेवायचं. महिना लागो नाहीतर सहा महिने, घाई करायची नाही, आणि यातलं एक अक्षर शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही सांगायचं नाही. हे मी बारा वर्षं केलं आणि चांगलं केलं. साहेब लोक म्हणायचे, हा मराठा माणूस दगडासारखा बसतो. मी मराठा नव्हतो, पण महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येकाला तिकडे मराठाच म्हणतात, आणि तेही मी कधी दुरुस्त केलं नाही.

हवालदार म्हणून निवृत्त होऊन गोंदिया जिल्ह्यात कामठ्याजवळच्या आमच्या गावी परतलो तेव्हा लोकांनी विहारासमोर माझा सत्कार केला. हार घातले, जय भीम झाला, शाल झाली, आणि मग दोन शब्द बोला म्हणाले. मी खरोखर दोनच बोललो आणि खाली बसलो. मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला, फौजमध्ये जीभ जमा करून आला वाटते. सगळे हसले, मीही हसलो.

बायको गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मुलगी नववीत होती. लग्नानंतरच्या वर्षांत आम्ही सगळे मिळून एका छपराखाली किती दिवस राहिलो ते सुट्टीच्या कागदांवरून काढता आलं असतं, पण मी काढलं नाही. आता मात्र इथेच राहायचं, असं ठरवून आलो होतो. फौज सोडताना जवानांना पुढच्या कामासाठी एखादा कोर्स करू देतात. मी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा केला होता. एवढी वर्षं जे केलं तेच बाहेर सायबर सिक्युरिटी या नावाने चालतं, तर काम मिळायला काय अडचण, असा माझा हिशोब होता.

नागपूरला तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान साहेबाने विचारलं की आधीच्या नोकरीत नेमकं काय करत होता. म्हटलं, सांगता येणार नाही. कोणत्या प्रकारच्या हल्ल्यांचा अनुभव आहे? तेही सांगता येणार नाही. निदान किती लोकांची टीम होती? मी गप्प. तो बिचारा कागदावर पेन टेकवून बसला होता. शेवटी म्हणाला, सर, मग मी इथे लिहू काय? दुसऱ्या ठिकाणी तेच झालं. तिसऱ्या ठिकाणी चहा पाजला आणि गेटवर जागा आहे म्हणाले. आज बाहेर पडणारे सिग्नल्सचे जवान मला फोन करून विचारतात की कोणता कोर्स करू, कोणतं सर्टिफिकेट चालतं. मी सांगतो ते, पण बजावतोही की कोर्स होऊन जाईल रे, अवघड आहे ते बोलायला शिकणं.

त्याच सुमारास एका जुन्या मित्राचा फोन आला. दिल्लीकडच्या एका मोठ्या इमारतीत पहारेकऱ्यांवर सुपरवायझर हवा होता, राहायची सोय होती. मी घरी विषय काढला. बायको ना चुलीपुढे होती, ना रडली, ती शाळेतल्या मुलांचे पेपर तपासत होती. वर न पाहता म्हणाली, "जा ना. पण या बारीले सामान मी बांधून देनार नाई. अन् परत याल तं दार उघडाले मी असीन, असंबी समजू नका."

ती धमकी देणाऱ्यांतली नाही. तिने फक्त काय होणार ते सांगितलं. मी मित्राला नकार कळवला. आता काम इथेच मिळवायचं होतं, आणि ते टिकवायचंही होतं.

गोंदियात एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. तिथल्या अधीक्षक मॅडम साठीच्या आसपासच्या, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणाऱ्या. बाकीच्यांचा विरोध पत्करून त्यांनी हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर आणले होते आणि दरेकसा, कोहमारा अशा ठिकाणचे ट्रस्टचे छोटे दवाखाने इंटरनेटने जोडून घेतले होते, म्हणजे नुसता रिपोर्ट न्यायला पेशंटला गोंदियापर्यंत यावं लागू नये. हे सगळं सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. मुलाखतीला गेलो तो सांगता येणार नाही असं म्हणायच्या तयारीतच. पण त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, फौज में क्या करते थे ते राहू द्या, रोज येणार का ते सांगा. मी हो म्हटलं. तीन महिने बघू, मग कायम करायचं की नाही ठरवू, असं ठरलं.

पहिले चार आठवडे मी हॉस्पिटलला छावणी बनवायच्या मागे लागलो. लोकांनी पासवर्ड कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलेले होते. कोणाचा पासवर्ड मुलाचं नाव, कोणाचा एक-दोन-तीन-चार. मी ते कागद काढून टाकले आणि नंबर घातलेल्या लेखी सूचना सगळ्यांना वाटल्या. त्या सूचनांच्या पाठीवर मेसवाल्याने भाजीची यादी लिहिलेली मी डोळ्यांनी पाहिली. मला सगळे फौजीभाऊ म्हणत, मी आलो की जरा सरळ बसत आणि मी गेलो की परत कागद चिकटवत. कोणी माझ्याशी कामाचं बोलत नव्हतं आणि मीही कोणाशी बोलत नव्हतो. मला ते योग्यच वाटत होतं.

पाचव्या आठवड्यात सोमवारी ती गोष्ट दिसली. कोण किती वाजता आत आलं याची नोंद कॉम्प्युटर आपणहून ठेवत असतो, आणि ती नोंद रोज वाचायची माझी जुनी सवय. प्रयोगशाळेतले लोक जेवायला गेलेले असताना, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, त्यांच्यातलाच एक तंत्रज्ञ आत आलेला दिसत होता. तो तंत्रज्ञ दिवाळीच्या आधी नोकरी सोडून गेला होता.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. फौज सोडल्यापासून पहिल्यांदा मला माझ्या ओळखीचं काही भेटलं होतं. मी एक वही घेतली, तिला खाकी कव्हर घातलं आणि लिहायला बसलो. मंगळवारी तो पुन्हा दोन-वीसला आला. थोडा वेळ नुसता थांबायचा, मग भराभर तीन-चार कपाटं उघडून बंद करायचा, मग पुन्हा थांबायचा. मी त्याचं नाव दुपारवाला ठेवलं. बुधवारी तो रक्तपेढीच्या याद्यांत शिरला, गुरुवारी सिकलसेलच्या पेशंटच्या यादीत. आमच्या भागात या रक्ताच्या आजाराचे पेशंट पुष्कळ, आणि ती यादी हॉस्पिटलचा जीव होती. मी सगळं टिपलं. शुक्रवारपर्यंत माझी अकरा पानं भरली होती. अहवाल पूर्ण झाल्याशिवाय वर काही द्यायचं नाही हे अंगात मुरलेलं, म्हणून मॅडमना सांगितलं नाही. प्रयोगशाळेच्या लोकांना सांगायचा प्रश्नच नव्हता. जेवायच्या सुट्टीत त्यांच्यासोबत बसून मी डबा खाल्ला आणि भेंडी छान झाली म्हणालो.

शनिवारी तो दहा मिनिटं आधी आला. मी पेन्सिल उचलली. आज तो कुठे थांबला नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकेका फाईलचं नाव बदलून वेड्यावाकड्या अक्षरांचं होऊ लागलं. तो कपाटं बघत नव्हता, उघडण्याचे पैसे मागता यावेत म्हणून त्यांना कुलपं लावत सुटला होता. मुख्य मशीनची तार माझ्या पायाशी होती. हात तिकडे गेला आणि थांबला. ज्याला ऐकतोय त्याची तार तोडायची नाही, हे बारा वर्षांचं वळण. किती वेळ थांबला ते मला अजून नक्की सांगता येत नाही. मग मी तार उपटली, तेव्हा प्रयोगशाळेचं आणि रक्तपेढीचं जवळपास सगळं गेलेलं होतं.

सगळं कायमचं गेलं नाही, कारण दर रविवारी येऊन मी याद्यांची एक प्रत वेगळी काढून ठेवत असे. पण सोमवार ते शनिवारचं जे होतं ते गेलं. म्हणजे बरोबर मी ऐकत बसलो होतो ते दिवस.

दरेकशाहून एक माणूस त्याच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन सकाळच्या गाडीने आला होता. मुलीला सिकलसेल होता आणि तिला त्या दिवशी रक्त द्यायचं होतं. तिच्यासाठी रक्त जुळवून ठेवल्याची नोंद गुरुवारची होती. ती नोंद गेली, म्हणून पुन्हा नमुना घ्या, पुन्हा तपासा, पुन्हा जुळवा, असं सुरू झालं. मुलगी बाकावर बापाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिचे सांधे दुखत होते आणि ती कण्हत नव्हती, नुसती पायाची बोटं आवळत होती. मी तिथून जाता-येता दिसत होतो म्हणून बापाने मलाच विचारलं.

"काऊन थांबवून राहिले साहेब? आमचं काई चुकलं का?"

मी नाही म्हणालो. कोणाचं चुकलं ते माझ्या तोंडातून निघेना. मी त्याला पाणी आणून दिलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुलीला रक्त चढलं आणि रंग परतला, पण तोपर्यंत त्यांची गाडी निघून गेली होती. मॅडमनी दोघांना वॉर्डातच ठेवून घेतलं.

मी वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. मी दिली नसती तर त्यांना कधी कळलंही नसतं. चोर आला, कुलपं लावून गेला, मी तार उपटून अर्धं वाचवलं, अशी गोष्ट मला सहज सांगता आली असती, आणि वर शाबासकीही मिळाली असती. जाताना हा विचार दोनदा मनात आला हे कबूल करतो. पण ती मुलगी पायाची बोटं आवळत होती ते नजरेसमोरून हलेना. मी वही टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग शेवटचं, मग परत पहिलं.

"सोमवार को मालूम था?"

"हो मॅडम."

"आणि आज शनिवार आहे."

मी सावधान उभा होतो. त्यांनी बसायला सांगितलं तरी बसलो नाही. फौजेत कसं असतं ते मी थोडक्यात सांगितलं, जेवढं सांगता येतं तेवढं. त्यांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "तिथे समोर दुश्मन होता, तुमच्याकडे टाइम होता. इथे समोर माझे पेशंट आहेत, हवालदार साहेब. चोर दिसला तर मला आधी आरडाओरडा पाहिजे." मग वही माझ्याकडे सरकवली. सोमवारी साडेआठला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावते, तुम्ही स्वतः सांगा काय झालं ते, उसके बाद देखेंगे. एवढं बोलून त्यांनी दुसरी फाईल ओढली.

रविवारी सकाळी जाऊन मी आठवड्याआधीच्या याद्या परत बसवल्या आणि दुपारी घरी आलो. नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो होतो. नोकरी गेली की दिल्लीचा रस्ता, आणि दिल्लीचा रस्ता म्हणजे काय ते बायकोने सांगून ठेवलेलं. तिला काहीतरी सांगणं भाग होतं. मी अंगणात खुर्ची ओढली आणि तिला सगळं सांगितलं. दुपारवाला, वही, भेंडीची भाजी, तार, ती मुलगी, तिचा बाप. अर्धा तास मी एकटा बोलत होतो. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि माझ्या कामाबद्दल मी तिच्याशी इतकं सलग बोलण्याची ही पहिलीच वेळ.

मला वाटलं आता नोकरीवरून बोलेल. ती म्हणाली, "इतके वर्सं मले वाटे, तुमचा माह्यावर भरोसाच नाई."

मी म्हटलं, तसं नव्हतं, हुकूम होता. ती म्हणाली, हुकूम कामापुरता असंल, तुमी तं जेवतानाबी हुकमातच राहत होते. हे खरं होतं. फौजेतलं जे झाकायचं ते झाकताना मी बाकीचंही सगळं झाकून टाकलं होतं, साधं पाय दुखत असले तरी सांगत नव्हतो. मला तिची माफी मागायची होती आणि मी ती मागितली, जमेल तशी. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला कोणी आत जा म्हटलं नाही.

मग मी सोमवारी वाचायचा कागद काढला आणि बायकोला वाचून दाखवला. दिनांक अमुक, वेळ अमुक, सदर इसमाने अमुक फाईल उघडली. चौथ्या ओळीला तिने हात वर केला. असं वाचाल तं लोक झोपी जातील, म्हणाली, मले सांगितलं तसंच सांगा, भेंडीसकट.

सोमवारी हॉलमध्ये डॉक्टर, नर्सबाई, आयाबाई, औषधाच्या खिडकीवरचे, नोंदणीच्या खिडकीवरचे, मेसवाला, ड्रायव्हर, सगळे उभे होते. पुढे मॅडम हाताची घडी घालून. सत्कारात दोनच शब्द बोललेला मी पुढे जाऊन उभा राहिलो. मी सांगितलं. आपल्या घरात चोर शिरला होता, मला सोमवारीच कळलं होतं, आणि मी सहा दिवस त्याला ऐकत बसलो. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही कारण मला सांगायची सवयच नाही. प्रयोगशाळेतल्या मंडळींकडे पाहून म्हटलं, तुमच्या डब्यातली भेंडी खाल्ली आणि तुमचं घर लुटलं जातंय हे तुम्हालाच बोललो नाही. दरेकशाच्या मुलीचं सांगितलं. चूक माझी, असं म्हणून थांबलो.

मग मागून एक आयाबाई म्हणाली, "मंग मी बी सांगतो." ती सकाळी नोंदणीची खोली झाडायची. महिन्याभरापासून तिने दोन-तीनदा पाहिलं होतं की टेबलापाशी कोणी नसताना पडद्यावरचा बाण आपोआप फिरतो. सांगितलं का नाही, असं मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, "कोनाले सांगू? हसले असते मले."

तिचं बोलणं संपायच्या आत नोंदणीच्या खिडकीवरचे भाऊ पुढे आले. पन्नाशीचे, शांत, चष्मा कपाळावर ठेवून वावरणारे गृहस्थ. दिवाळीच्या सुमाराला त्यांना फोन आला होता, कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय, दुरुस्तीसाठी पासवर्ड द्या. साहेबी आवाज होता म्हणून त्यांनी दिला, आपलाही आणि प्रयोगशाळेतल्या पडद्याला चिकटवलेला, सोडून गेलेल्या तंत्रज्ञाचाही. नंतर शंका आली, पण नोकरी जाईल या भीतीने तोंडाला कुलूप लावून बसले होते. औषधाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, मलाही तोच फोन आला होता, मी ठेवून दिला. कोहमाऱ्याच्या दवाखान्यातून आलेली नर्स म्हणाली, आमच्याकडे मागच्याच आठवड्यात आला, नंबर अजून मोबाईलमध्ये आहे. एकेक जण बोलू लागला. मी वही काढली आणि उभ्या उभ्या लिहीत सुटलो.

अकरा पानं भरून सहा दिवसांत मला जे कळलं नव्हतं ते वीस मिनिटांत कळलं. तो कुठून शिरला, कधीपासून, कोणत्या किल्लीने, आणि पुढचं दार कोणतं ठोकतोय, सगळं. ही माणसं महिनाभर माझ्या आजूबाजूला होती. कोणी पहिल्यांदा आपली चूक सांगेल याची ती वाट पाहत होती, असंही नाही म्हणता येणार. त्यांना विचारणाराच कोणी नव्हता, आणि मी ज्या नोकरीवर होतो ती खरं तर तीच होती.

दुपारपर्यंत आम्ही सगळे पासवर्ड बदलले, कोहमाऱ्याची जोडणी बंद करून नव्याने केली आणि तो फोन नंबर पोलिसांकडे दिला. मग मॅडमनी बोलावलं. नोंदणीवाले भाऊ माझ्याआधीच तिथे उभे होते, राजीनामा लिहून. मॅडमनी तो उघडलाही नाही. ते पाहून मी म्हणालो की मॅडम, यांनी सांगितलं म्हणून दार सापडलं, यांना काढलं तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही. बोलल्यावर लक्षात आलं की मला कोणी विचारलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, मालूम है, बसा दोघंही. या वेळी मी बसलो.

त्यांनी भाऊंना सांगितलं की उद्यापासून प्रत्येक नव्या माणसाला त्या फोनची गोष्ट तुम्ही सांगायची, तुमच्यापेक्षा चांगली कोणी सांगू शकणार नाही. मग माझ्याकडे वळल्या. "तुमचे गेलेले पाच हप्ते मी पकडत नाही. तीन महिने आजपासून. काही दिसलं तर पहिल्या तासात मला, दुसऱ्या तासात सगळ्यांना. जमेल?" मी जमेल म्हणालो. तीन महिन्यांनी त्यांनी मला कायम केलं आणि पुढे चार वर्षांनी ट्रस्टच्या सगळ्या दवाखान्यांचं काम माझ्याकडे दिलं. पण मला स्वतःला विचाराल तर मी कायम झालो तो त्या सोमवारी.

बाहेर येऊन मी बायकोला फोन केला. शाळेची मधली सुट्टी होती. कामावरून घरच्या कोणाला फोन करायचं मला कधी सुचलं नव्हतं, त्यामुळे तिने घाबरूनच उचलला. मी म्हटलं, ठेवलं मला, भेंडीसकट सांगितलं. ती थांबा म्हणाली आणि फोन तसाच हातात धरून तिने तिथल्या शिक्षिकांना मोठ्याने सांगितलं, "आमचे साहेब कुठी जाऊन नाई राहिले. इथंच राहून राहिले." तिकडे कोणीतरी पेढे मागितले, कोणीतरी काय केलं म्हणून विचारलं, आणि ती सांगू लागली. चोर कसा शिरला, मी काय चुकलो, हॉलमध्ये काय बोलायचं होतं. ती माझ्याबद्दल बोलत होती आणि तिला सांगण्यासारखं काहीतरी होतं. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो आणि माझे डोळे भरून आले.

मग ती परत फोनवर आली आणि म्हणाली, येताना वांगे घेऊन या, अन् दुधाची पिशवी. गावी परतल्यापासून तिने मला काही आणायला सांगितलं नव्हतं. जाणाऱ्या पाहुण्याला कोणी कामं सांगत नाही. मी बाजारात तीन दुकानं फिरलो आणि चांगली बघून दोन किलो वांगी घेतली.